कॅथलिक सामाजिक शिकवण : अर्धी घ्यायची की अख्खी?

कोनाडा (धागाकर्ती)

निवडणुका जवळ आल्या की कॅथलिक मतदारांपुढे दोन याद्या येतात. एका यादीत गर्भपात, इच्छामरण, कुटुंब, धर्मस्वातंत्र्य. दुसरीत किमान वेतन, स्थलांतरित, पर्यावरण, फाशी, शस्त्रास्त्रं. दोन्हीकडचे लोक पोपच्या पत्रांतले उतारे काढून दाखवतात, आणि बहुतेकांनी दुसऱ्या यादीतलं पत्र उघडलेलंच नसतं.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. १५ मे १८९१ रोजी पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या प्रश्नावर 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक, म्हणजे पोपचं अधिकृत पत्र, काढलं. त्यात खाजगी मालमत्तेचा हक्क मान्य केला, समाजवादाला विरोध केला, आणि त्याच दमात कामगारांना संघटना करायचा हक्क आहे, पोट भरेल इतकी मजुरी हा न्यायाचा भाग आहे आणि दुबळ्यांसाठी सरकारने मध्ये पडलं पाहिजे, असंही सांगितलं. तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक पोपनी त्यात भर घातली. माणसाची प्रतिष्ठा, सर्वांचं हित, एकमेकांची जबाबदारी, गरिबांना अग्रक्रम, आणि लहान गटाला जमतं ते मोठ्या सत्तेने काढून घेऊ नये हे तत्त्व, असा या सामाजिक शिकवणीचा गाभा.

माझं मत असं की ही शिकवण अख्खीच घ्यावी लागते, नाहीतर ती आपल्या पक्षाची जाहिरात होते. पण मत देताना तर एकच बटण दाबायचं असतं. मग मुद्द्यांचा क्रम कोणी लावायचा आणि कशावरून? कॅथलिक नसलेल्यांनीही जरूर लिहा.

टाचण

चांगला धागा. दोन याद्यांच्या मुद्द्यावर एक संदर्भ देतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (जगभरच्या बिशपांची परिषद) 'गाउदियुम एत स्पेस' या १९६५ च्या दस्तऐवजात २७ वा परिच्छेद आहे. जीवनाविरुद्धचे आणि मानवी प्रतिष्ठेविरुद्धचे अपराध तिथे एका दमात मोजले आहेत: खून, वंशसंहार, गर्भपात, इच्छामरण, छळ, माणसाला न शोभणारी राहणी, मनमानी तुरुंगवास, हद्दपारी, गुलामी, माणसांचा व्यापार, आणि कामगाराला नफ्याचं निव्वळ साधन मानणारी कामाची परिस्थिती. ही एकच यादी आहे. तिचे दोन तुकडे नंतर पक्षांनी केले.

शुभवर्तमान

टाचण, परिच्छेद बरोबर सांगितलात, पण एका यादीत असणं म्हणजे एका वजनाचं असणं नव्हे. वेतन किती असावं यावर दोन प्रामाणिक कॅथलिक भांडू शकतात. निष्पाप जीव मुद्दाम मारावा का यावर नाही. कार्डिनल रात्झिंगर, म्हणजे नंतरचे पोप सोळावे बेनेडिक्ट, यांनी २००४ साली अमेरिकेतल्या बिशपांना हेच कळवलं होतं: युद्ध आणि मृत्युदंड यांच्या बाबतीत कॅथलिकांत मतभेद असू शकतात, गर्भपात आणि इच्छामरण यांच्या बाबतीत नाही.

जगण्याचा हक्क नाकारला की बाकीचे हक्क कोणाला द्यायचे? क्रम मी लावलेला नाही, तो गोष्टींच्या स्वभावातच आहे. 'सगळे मुद्दे सारखे' म्हणायला लागलं की गर्भातल्या बाळाचा मुद्दा सगळ्यात आधी गळतो. हे अनेक वर्षं बघत आले आहे, म्हणून इतकं तळमळीने लिहितेय.

खडूस_आजोबा

धागा उघडून तासही झाला नाही आणि थेट परिच्छेद क्रमांक निघाले. हा धागा शंभरी गाठणार. खुर्ची ओढून बसतो.

मुक्तछंद

मी नास्तिक आहे. कोनाडाताईंनी बोलावलं म्हणून लिहितो, आणि आदरानेच लिहितो.

कामगारांचे हक्क, संघटना, किमान वेतन यासाठी चर्चची गरज का पडावी? हे सगळं कामगार चळवळीने रक्त सांडून मिळवलं. शिवाय ही शिकवण सत्ताधाऱ्यांच्या हाती पडली की काय होतं त्याचंही उदाहरण आहे. ऑस्ट्रियात चान्सेलर डोलफुसने संसद बाजूला सारून १९३४ साली नवं संविधान आणलं, आणि 'क्वाद्राजेसिमो आन्नो' या पोपच्या १९३१ च्या परिपत्रकाचा आधार घेतला. मालक आणि मजूर एकाच व्यवसायसंघात, वर्गसंघर्ष नको, असं गोड चित्र. प्रत्यक्षात विरोधी पक्ष आणि स्वतंत्र कामगार संघटना बंद. 'सर्वांचं हित' हा शब्द ऐकला की मी आधी विचारतो, ते कोण ठरवणार?

टाचण

ऑस्ट्रियाचं उदाहरण खरं आहे आणि ते झाकू नये. पण त्याच परिपत्रकातला ७९ वा परिच्छेद वाचा. माणसाला किंवा लहान संस्थेला जे स्वतः जमतं ते काढून वरच्या सत्तेकडे देणं हा अन्याय आहे, असं पोप अकरावे पायस तिथे म्हणतात. तेव्हा त्यांच्या आसपास मुसोलिनीचं राज्य होतं, आणि त्याच १९३१ साली फॅसिस्ट सरकारने कॅथलिक युवकसंघटनांवर घाला घातला म्हणून त्यांनी वेगळं परिपत्रक काढून निषेध केला. डोलफुसने व्यवसायसंघ उचलले आणि ७९ वा परिच्छेद सोडून दिला. म्हणजे हा पुन्हा धागाकर्तीचाच प्रश्न झाला.

पुढे हेच तत्त्व १९९२ च्या मास्ट्रिक्ट करारातून युरोपीय संघाच्या कायद्यात आलं.

कोनाडा

मुक्तछंद, 'कोण ठरवणार' हा प्रश्न अगदी रास्त आहे. मला वाटतं शिकवणीतच त्याला एक उत्तर आहे: ज्याच्यावर परिणाम होतो त्याला ठरवण्यात वाटा हवा. कामगारांसाठी निर्णय घेणं आणि कामगारांनी निर्णय घेणं यात फरक आहे. १९८० साली ग्दान्स्कच्या गोदीत पोलिश कामगारांनी 'सॉलिडॅरिटी' उभी केली तेव्हा फाटकावर पोपचं चित्र लावलं होतं, पण मागण्यांची यादी कामगारांनीच लिहिली. पोप दुसरे जॉन पॉल यांचं श्रमावरचं परिपत्रक पुढच्या वर्षी आलं. कामगार-राज्य म्हणवणाऱ्या सत्तेविरुद्ध कामगारांनी ते तत्त्व वापरलं, याचा तुम्हीही विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

दर्यावर्दी

माझा छोटा कारखाना आहे. महिन्याच्या शेवटी पगार मलाच काढायचे असतात, म्हणून लिहितो.

'न्याय्य वेतन' म्हणायला सोपं आहे. बाजार मला एक भाव देतो, स्पर्धक दुसरा. मी एकट्याने पगार वाढवले आणि ऑर्डर गेली तर त्याच माणसांची नोकरी जाते. पोपना पगारपत्रक भरावं लागत नाही. आणि कृपा करून सगळ्या परिपत्रकांना भांडवलशाहीविरोधी ठरवू नका. १९९१ च्या 'चेंतेसिमुस आन्नुस' मध्ये जॉन पॉल स्पष्ट विचारतात, भांडवलशाही हे बरोबर प्रतिमान आहे का? व्यवसाय, बाजार, खाजगी मालमत्ता आणि माणसाची सर्जनशीलता असा अर्थ असेल तर उत्तर 'हो'.

निर्मळ_झरा

दर्यावर्दी, त्याच परिच्छेदातलं पुढचं वाक्यही सांगा ना. आर्थिक स्वातंत्र्याला कायद्याची भक्कम चौकट नसेल आणि ते माणसाच्या समग्र स्वातंत्र्याच्या सेवेत नसेल, तर उत्तर 'नाही'. एकाच परिच्छेदात दोन्ही आहे.

मी कामगारांचे खटले चालवते. 'रेरुम नोवारुम' मधला एक मुद्दा मला रोज आठवतो. लिओ म्हणतात, मालक-मजुरांनी राजीखुशीने करार करावेत, पण कोणत्याही करारापेक्षा जुना आणि थोर असा नैसर्गिक न्याय आहे: साध्या, काटकसरी मजुराचा निर्वाह होईल इतकं वेतन मिळालंच पाहिजे. गरजेपोटी किंवा आणखी वाईट होईल या भीतीने त्याने कडक अटी मान्य केल्या, तर त्याच्यावर बळजबरी झाली असंच समजायचं.

आता अ‍ॅपवरून सामान पोचवणाऱ्या, प्रवासी नेणाऱ्या माणसाचा करार बघा. फोनवर अटी येतात, खाली 'मान्य' बटण. तो 'भागीदार' आहे, कामगार नाही. दर अ‍ॅप ठरवतं, काम कोणाला द्यायचं ते अ‍ॅप ठरवतं, आणि एक दिवस खातं बंद. कोणी बंद केलं, का केलं, विचारायला समोर माणूसच नाही. हा सगळा कारभार १८९१ च्या त्या एका वाक्यात बसतो. या प्रश्नावर मला डावं-उजवं कळत नाही, मला फक्त बळजबरी दिसते.

मुक्तछंद

या प्रतिसादाला नास्तिकाचं जोरदार अनुमोदन. :)

दर्यावर्दी

निर्मळताई, अ‍ॅपच्या बाबतीत सहमत. तिथे धोका सगळा कामगाराचा आणि हुकूम सगळा कंपनीचा, याला मी धंदा म्हणत नाही. माझा मुद्दा एवढाच की एकट्या मालकावर नैतिक ओझं टाकून भागत नाही. नियम सगळ्यांना सारखा हवा, म्हणजे जो नीट पगार देतो तो मरत नाही.

आणि मालकीच्या प्रश्नावर कोणी बोलतच नाही. बास्क प्रदेशातल्या मोंद्रागोनमध्ये होसे मारिया आरिस्मेंदियारिएता नावाचे तरुण फादर १९४१ साली आले, १९४३ मध्ये तंत्रशाळा काढली, आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी १९५६ मध्ये पहिली औद्योगिक सहकारी संस्था सुरू केली. आज त्या समूहात सुमारे ७०,००० लोक काम करतात. कामगार-सभासदांना एकेक मत, आणि वरच्या-खालच्या पगारातलं अंतर साधारण सहापटीच्या आसपास रोखलेलं. २०१३ मध्ये त्यांची घरगुती उपकरणांची कंपनी बुडाली, तेव्हा अनेक सभासदांना समूहातल्या दुसऱ्या संस्थांनी सामावून घेतलं. परिपत्रकांचे उतारे फेकण्यापेक्षा हे मला जास्त पटतं.

काळीमैना

गेले दोन दिवस धागा वाचतेय. लिहू की नको असं झालं होतं.

मी चर्चच्या एका संस्थेत बरीच वर्षं काम केलं. नाव लिहीत नाही. दर वर्षी नवा करार, पगार बाहेरच्यापेक्षा कमी, आणि विचारलं की 'ही सेवा आहे'. एका सहकारी बाईंनी बाळंतपणाच्या रजेबद्दल विचारलं आणि त्यांचा पुढचा करार झालाच नाही. त्याच आवारात भिंतीवर गर्भातल्या बाळाच्या रक्षणाचं पोस्टर होतं.

शुभवर्तमानताई, तुमची तळमळ मला कळते. माझंही तेच मत आहे, बाळ वाचलं पाहिजे. पण बाळाच्या आईची नोकरी गेली तर त्या पोस्टरचं काय करायचं? १९७१ च्या बिशपांच्या सिनॉडने (बिशपांच्या प्रतिनिधींची सभा) सांगून ठेवलं आहे की न्यायाबद्दल लोकांशी बोलू पाहणाऱ्याने आधी लोकांच्या नजरेत न्यायी असलं पाहिजे. त्या दस्तऐवजात चर्चमध्ये काम करणाऱ्यांच्या वेतनाचाही उल्लेख आहे. राजकारणाला ही शिकवण लावण्याआधी ती आमच्या पगारपत्रकाला लावा.

खडूस_आजोबा

बाळा, लिहिलंस ते फार बरं केलंस. माझी सगळी नोकरी अशाच एका संस्थेत गेली. तिथले व्यवस्थापक फादर पगाराच्या दिवशी आधी शिपायांची पाकिटं वाटत, मग शिक्षकांची, स्वतःचा भत्ता शेवटी घेत. तसेही लोक असतात, आणि म्हणूनच जिथे तसं होत नाही तिथे जास्त बोललं पाहिजे.

शुभवर्तमान

काळीमैना, तुमचा प्रतिसाद वाचून वाईट वाटलं आणि रागही आला. त्या बाईंच्या बाबतीत झालं तो माझ्या दृष्टीने गर्भातल्या जिवावरचाच अन्याय आहे. बाळंतपणाची भरपगारी रजा, नोकरीची हमी, औषधोपचार हे जीवनरक्षणाचेच कायदे आहेत आणि माझ्या बाजूच्या लोकांनी ते सगळ्यात आधी मागायला हवेत. ते मागतात का? फार थोडे मागतात. हे मी त्यांना सभांतूनही सांगते.

क्रमाबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे. पाया आणि भिंती दोन्ही लागतात, पण पाया आधी.

पारिजातक

मध्येच विषय बदलतेय, माफी असावी. स्थलांतरितांबद्दल कोणीच काही लिहिलं नाही. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेचे उपाध्यक्ष व्हान्स, जे स्वतः कॅथलिक आहेत, म्हणाले की आधी कुटुंब, मग शेजारी, मग समाज, मग देश आणि त्यानंतर बाकीचं जग, असा प्रेमाचा क्रम ख्रिस्ती परंपरेतच आहे. फेब्रुवारीत पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकन बिशपांना पत्र लिहिलं की ख्रिस्ती प्रेम म्हणजे हळूहळू पसरत जाणारी हितसंबंधांची वर्तुळं नव्हेत, आणि खरा क्रम येशूने सांगितलेल्या दयाळू शोमरोनीच्या दाखल्यावर (जखमी परक्याला मदत करणाऱ्या वाटसरूची गोष्ट) मनन केल्याने सापडतो.

माझ्या मुलांची जबाबदारी माझ्यावर जास्त आहे हे खरंच ना? मग व्हान्स यांचं चुकलं कुठे?

टाचण

जवळच्यांची जबाबदारी जास्त, हे मध्ययुगातला चर्चचा मोठा तत्त्वज्ञ थॉमस अक्विनासही मान्य करतो. पण ज्याची निकड टोकाची आहे तो परका असला तरी काही प्रसंगी आधी येतो, हेही तोच सांगतो. दाखल्यातल्या त्या जखमी माणसाचं शोमरोन्याशी काहीच नातं नव्हतं. रस्त्यात सापडला एवढंच.

धोरणाबाबत कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा २२४१ वा परिच्छेद बघा. संपन्न राष्ट्रांनी आपल्या शक्तीप्रमाणे परक्याचं स्वागत केलंच पाहिजे, सरकारला सर्वांच्या हितासाठी कायदेशीर अटी घालता येतात, आणि येणाऱ्याने त्या देशाचे कायदे पाळले पाहिजेत. सीमा असू नये असं कुठेच म्हटलेलं नाही. सीमेवर माणसाची प्रतिष्ठा संपते असंही नाही. किती लोक घ्यायचे यावर वाद घाला. त्यांना गुन्हेगार किंवा घाण म्हणायचं की नाही, यावर वाद नाही.

पारिजातक

शेवटची दोन वाक्यं पटली. धन्यवाद.

रानवाट

अवांतर वाटेल, पण मला यातला संस्कृतीचा भाग राजकारणाइतकाच महत्त्वाचा वाटतो. रविवारचंच घ्या. लिओंनी १८९१ मध्येच रविवारच्या विश्रांतीचा हक्क मागितला होता. जर्मनीत घटनेनेच रविवारला संरक्षण आहे. बर्लिनमध्ये नाताळआधीचे सगळे रविवार दुकानं उघडायला परवानगी दिली, तेव्हा प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक चर्च न्यायालयात गेली आणि २००९ च्या डिसेंबरमध्ये घटना न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पोलंडमध्ये २०१८ पासून रविवारच्या विक्रीवर टप्प्याटप्प्याने बंदी आली, तिची मागणी 'सॉलिडॅरिटी' संघटनेची होती आणि बिशपांचा पाठिंबा होता.

ही मागणी डावी की उजवी? कामगार संघटना म्हणते सुट्टी द्या, चर्च म्हणतं उपासनेला वेळ द्या, आई-बाप म्हणतात मुलांना एक दिवस द्या. सगळ्यांना एकाच दिवशी मिळणारी सुट्टी ही एकट्याने विकत घेता येत नाही अशी गोष्ट आहे. 'सर्वांचं हित' मला या एका उदाहरणावरून कळलं. आज सुट्टी मिळते, पण नवऱ्याला मंगळवारी आणि बायकोला शुक्रवारी. मग एकटेपणावर चर्चासत्रं भरतात.

मुक्तछंद

मला उपासना करायची नाही, पण रविवार हवा आहे. तुमचं उदाहरण आवडलं.

कोनाडा

मूळ प्रश्नाकडे येते. शुभवर्तमानताईंच्या २००४ च्या संदर्भात पुढची एक गोष्ट मोजायला हवी. २०१८ च्या ऑगस्टमध्ये धर्मशिक्षणग्रंथाचा २२६७ वा परिच्छेद बदलला आणि मृत्युदंड अस्वीकार्य ठरला. म्हणजे तिथेही मतभेदाची जागा आता बरीच आकसली आहे. त्याच वर्षी फ्रान्सिस यांनी लिहिलं की न जन्मलेल्या निष्पापांचं रक्षण स्पष्ट, ठाम आणि उत्कट असलंच पाहिजे, आणि जन्मलेल्या, गरीब, टाकून दिलेल्या माणसांचं जीवनही तितकंच पवित्र आहे. अमेरिकेतले कार्डिनल बर्नार्डिन १९८३ पासून हेच मांडत होते. त्यांच्यावर 'मुद्दा पातळ करता' अशी टीका झाली. त्या टीकेत तथ्य आहे असं मला वाटत नाही, पण असा वापर करून घेणारे राजकारणी होते हे खरं.

माझं उत्तर असं बनत चाललंय: काही कृत्यं कधीच करायची नाहीत, तिथे शुभवर्तमानताईंचा क्रम बरोबर. पण काय करू नये एवढंच सांगून शिकवण थांबत नाही, आणि काय करावं हे ठरवायला माहिती लागते, अनुभव लागतो, काळीमैनासारख्यांचं ऐकावं लागतं. बेल्जियमचे फादर कार्डाइन तरुण कामगारांना शिकवायचे, 'बघा, पारखा, करा'. १९६१ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी ही रीत परिपत्रकात घेतली. आपण बहुतेक वेळा न बघताच पारखायला बसतो.

शुभवर्तमान

'मतभेदाची जागा आकसली' हे मान्य. फाशीच्या विरोधात मी सही करते. बर्नार्डिन यांच्याबद्दल मात्र आपलं जमणार नाही, त्यावर वेगळा धागा काढा, मी येईन.

दर्यावर्दी

निर्मळताई, एक व्यवहाराचा प्रश्न. अ‍ॅपवाल्यांच्या बाबतीत शिकवण मान्य केली, तरी कायद्यात नेमकं काय मागायचं? पोप चौदावे लिओ यांनी २०२५ च्या मे महिन्यात निवड झाल्यावर कार्डिनलांना सांगितलं होतं की नाव घेताना तेरावे लिओ मनात होते, कारण आता कृत्रिम बुद्धिमत्तेची आणखी एक औद्योगिक क्रांती आली आहे. ठीक आहे. पण लिओंच्या नावाने मोर्चा काढला तर फलकावर काय लिहायचं?

निर्मळ_झरा

फलकावर लिहिण्यासारख्या गोष्टी आहेत. युरोपीय संघाने २०२४ मध्ये अ‍ॅपवरच्या कामाबद्दल निर्देश काढला, सदस्य देशांना कायदे करायला २ डिसेंबर २०२६ पर्यंत मुदत दिली. त्यातल्या तीन गोष्टी मला मोलाच्या वाटतात.

कंपनीचं नियंत्रण आणि दिशादर्शन दिसत असेल, तर तो माणूस कामगार आहे असं धरून चालायचं. नाही हे सिद्ध करायचा भार कंपनीवर. आज आमच्या अशिलाला फोनचे स्क्रीनशॉट गोळा करत फिरावं लागतं, ते उलटेल.

दुसरं, काम आणि दर ठरवणारी यंत्रणा कशाकशाचा विचार करते ते कामगाराला सांगायचं.

तिसरं, खातं स्थगित किंवा कायमचं बंद करण्याचा निर्णय माणसानेच घ्यायचा आणि त्याचं लेखी कारण द्यायचं.

'लाबोरेम एक्सेर्चेन्स' या १९८१ च्या परिपत्रकात 'अप्रत्यक्ष मालक' अशी कल्पना आहे. ज्याच्याशी करार झाला तो थेट मालक. पण ज्यांच्या नियमांमुळे तो करार तसा झाला, ते सरकार आणि बाकीच्या संस्थाही जबाबदार. म्हणून एकट्या मालकावर ओझं टाकू नका हे तुमचं म्हणणं परिपत्रकातच आहे. फक्त त्याचा अर्थ ओझं उतरवायचं असा नाही, वाटून घ्यायचं असा आहे.

दर्यावर्दी

तिसरा मुद्दा मी उद्यापासून माझ्या कंत्राटदारालाही लावतो. माणूस काढायचा तर समोर बसून, लेखी कारण देऊन. त्यासाठी कायद्याची वाट बघायची गरज नाही. पहिल्या मुद्द्यावर मात्र मला अजून शंका आहेत, हंगामी कामाचं काय करायचं ते सांगा.

निर्मळ_झरा

हंगामी कामगार हाही कामगारच. काम संपलं की करार संपतो, पण काम चालू असेपर्यंत विमा, तासांची मर्यादा आणि संघटनेचा हक्क त्याला मिळतो. उद्या सविस्तर लिहिते, आत्ता सुनावणीची तयारी आहे.